बाराच्या सुमाराला जाणारं स्टेशन

२० एप्रिल १९६८, शनिवार. रेडिओच्या दुरुस्तीचे साडेनऊ रुपये मी दुपारी चार वाजता दिले. तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो: मी, माझी पत्नी, मांडीपासून पायाला प्लास्टर घातलेले माझे सासरे आणि पैसे घेणारा मेकॅनिक. त्यानं एक व्हॉल्व्ह बदलला होता. "आता सालभर पाह्याचं काम नाही, साहेब," असं तो म्हणाला.

रविवारी दुपारी सव्वाबाराला स्टेशन पुन्हा गेलं. आधी आवाज खोल गेला, मग नुसती खरखर. बारा चाळीसला काही न करता परत आलं.

हा रेडिओ आम्ही एरवी सकाळी बातम्यांना आणि संध्याकाळी लावत असू. मार्चमध्ये सासरे सावनेरला गोठ्यात घसरून पडले, नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्यात पाय बसवला आणि तिथून त्यांना आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांत आणलं. चार माणसांनी खुर्चीसकट जिना चढवला. तेव्हापासून त्यांच्यासाठी रेडिओ दिवसभर सुरू असे, म्हणून दुपारचा हा बिघाड आम्हाला कळला.

कळला, पण चार दिवसच हातात होते. गुरुवारी, २५ तारखेला, दुपारी साडेबारा वाजता महिलांच्या कार्यक्रमात माझ्या पत्नीची दोन भावगीतं लागणार होती. दोनदा ती आवाजाच्या चाचणीत नापास झाली होती, तिसऱ्यांदा पास झाली. रेकॉर्डिंग आधीच झालं होतं. एकदाच लागणार, पुन्हा नाही. टेप रेकॉर्डर आम्ही फक्त रेडिओ केंद्रात पाहिला होता.

ती बारा वर्षांची असताना सासरे तिला सायकलच्या दांड्यावर बसवून आठवड्यातून दोनदा गाण्याच्या मास्तरांकडे नेत. गावात लोक नावं ठेवत. लग्नानंतर चौदा वर्षं ती गायली नाही; गेल्या साली पुन्हा सुरू केलं, तेही मैत्रिणीच्या घरी. ही चौदा वर्षं माझ्या घरातली, आणि का गात नाहीस असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ते गाणं सासऱ्यांच्या कानावर पडलंच पाहिजे, असं मी ठरवलं. त्यांना हलवता येत नव्हतं. गल्लीत एकाकडे ट्रान्झिस्टर होता, तो मालकाबरोबर रायपूरला गेला होता. म्हणजे जे काही व्हायचं ते आमच्याच रेडिओवर.

मी हिशेबाच्या कामातला माणूस. रेडिओतलं मला काही कळत नव्हतं, पण वेळा मांडता येत होत्या. गेल्या गुरुवारपासूनच्या वेळा सासऱ्यांनी पडल्या पडल्या पाहून ठेवल्या होत्या, त्या कागदावर उतरवल्या. गुरुवारी बारा ते बारा पंचवीस. शुक्रवारी बारा दहा ते बारा पस्तीस. शनिवारी, मेकॅनिक येण्याआधी, बारा पाच ते साडेबारा. रविवारी बारा पंधरा ते बारा चाळीस. रोज पंचवीस मिनिटं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुमचा रेडिओ काही बिघडला नाही. त्याले जेवाची सुट्टी लागते."

"पंचवीस मिनिटं जेवतो?"

"सरकारी हाय ना. लवकर आटपते, हेच नशीब."

सोमवारी सकाळी मी रेडिओ सायकलच्या कॅरिअरवर बांधून महाल भागातल्या मेकॅनिकच्या दुकानात ठेवला आणि तसाच कचेरीत गेलो. दिवसभर सुरू ठेवा, बाराकडे लक्ष द्या, एवढं सांगितलं. संध्याकाळी तो म्हणाला, "साहेब, एक मिनिट बंद नाही पडला. काहून हैराण होऊन राहिले? तुमच्या घरातच काही गडबड हाय." मला राग आला, पण त्याचं बोलणं बरोबर होतं. रेडिओ चांगला होता. म्हणजे उरलं काय? वीज आणि एरियल. वीज म्हणावी, तर त्या पंचवीस मिनिटांत दिवा आणि पंखा ठीक चालत होते.

एरियल म्हणजे गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार. रात्री जेवायच्या आधी वर जाऊन मी ती पाहिली. तार शाबूत, सांधे घट्ट. दुपारी बाराला मात्र मला वर जाता येत नव्हतं. खाली घरमालकाच्या आई राहत. त्यांना आम्ही सगळे आजी म्हणत असू. त्यांचं सोवळं कडक. आंघोळीनंतर नेसायचं लुगडं त्या स्वतः धूत आणि काठीनं उंचावर टाकत. ते वाळून खाली येईपर्यंत गच्चीवर कोणी पाऊल टाकायचं नाही, हा त्या घराचा नियम. भाड्याच्या बोलीत तो पहिल्या दिवशीच सांगितला होता.

मंगळवारी दुपारी आभाळ आलं. संध्याकाळी घरी आलो तर सासऱ्यांनी कागद पुढे केला: बारा दहा ते एक वीस.

माझा सगळा हिशेब बिघडला. जेवताना मी मोठ्यानं म्हणालो, "चार दिवस पंचवीस मिनिटं, आणि आज सत्तर. असं काय आहे की उन्हात पंचवीस मिनिटं लागतात आणि ढग आले की सत्तर?"

पत्नी पोळी वाढत होती. ती थांबली. "अहो, लुगडं वाळायला," ती म्हणाली, आणि मग तिला इतकं हसू आलं की पोळी तिच्या हातातच राहिली.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बारा वाजता समोरच्या शिंप्याच्या माडीवर जाऊन उभा राहिलो. बारा सातला आजी गच्चीवर आल्या. काठीच्या टोकावर भिजलेलं नऊवारी लुगडं. त्यांनी ते उचललं आणि थेट माझ्या एरियलवर टाकलं. तार वजनानं खाली आली आणि न्हाणीघराच्या पत्र्याला टेकली. तो पत्रा नळाच्या लोखंडी पाइपाला लागून होता, म्हणजे रेडिओकडे यायचं ते सगळं जमिनीत जात होतं. मी घड्याळ हातात धरून उभा राहिलो. लुगडं हलकं झालं तशी तार वर उठत गेली. बारा बत्तीसला पत्र्यापासून सुटली.

आजींचं जेवण झाल्यावर मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"आजी, तुमचं लुगडं माझ्या तारेवर आहे."

"तुमची तार माझ्या गच्चीवर आहे."

"गच्चीवर दोऱ्या आहेत की."

"दोऱ्यांवर सूनबाईच्या कुरडयांची कापडं आहेत. चैत्र लागल्यापासून सगळ्या आळीचे हात तिथे लागतात. तुमची तार उंच, कोणी शिवत नाही. इतकी शुद्ध जागा या घरात दुसरी नाही."

मी गुरुवारच्या गाण्याचं सांगितलं. एक दिवस दुसरीकडे वाळवा म्हटलं.

"एक दिवस सोवळं सोडू? उद्या मी उपाशी राहू म्हणता? मला दुसरी तार बांधून द्या. तेवढीच उंच. पण आंघोळ करून, ओलेत्यानं बांधायची. कोरड्या कपड्यानं हात लावाल तर मी वापरणार नाही."

मी दोन बांबू आणले साडेतीन रुपयांचे, आणि बावीस फूट जस्ताची तार पावणेतीनची. दोन वाजता आंघोळ केली आणि ओल्या धोतरानं गच्चीवर गेलो. फरशीवर पाय ठेववत नव्हता. पहिला बांबू कठड्याला बांधून होतो न होतो तोच जिन्यातून आजींचा आवाज आला, "वाळलं तुमचं धोतर. पुन्हा भिजवा."

"आजी, आत्ताच तर आलो."

"नागपूरचं ऊन आहे. भिजवा."

तीन वेळा खाली जाऊन बादली अंगावर घेतली. सासरे पलंगावरून मोजत होते. "तिसरी झाली, जावईबापू. आमच्या पोरीच्या गाण्यानं तुमाले पावन केलं." साडेतीनला तार ताठ बसली. ती जोरानं ओढून पाहिली, सैल पडली नाही.

गुरुवारी बाराला रेडिओ लावला. बारा दहाला गच्चीवर काठी आपटल्याचा आवाज आला. पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. स्टेशन हललं नाही. बारा वीस, बारा पंचवीस. साडेबाराला निवेदिकेनं तिचं नाव घेतलं, तेव्हा ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. सासऱ्यांनी डोळे मिटले. त्यांची दोन बोटं प्लास्टरवर ताल धरत होती. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मधे एकदाही खरखर आली नाही.

मग सासरे म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात घाई केली वं, बाई."

"हो बाबा."

"पण सूर नाही सोडला." एवढं बोलून त्यांनी उशीखालचा रुमाल मागितला, मी दिला. पत्नी वळली नाही. थोड्या वेळानं तिनं तिथूनच, आमच्याकडे पाठ असताना, त्याच कडव्याची ओळ हळू म्हणून पाहिली. या वेळी सावकाश. या घरात मी तिला गाताना पहिल्यांदा ऐकत होतो.

दोन वाजता आजींनी खालून हाक मारली. मी गेलो.

"जिन्यात बसून ऐकलं," त्या म्हणाल्या. "बरं गाते. आधी का नाही ऐकू आली कधी?"

मग त्यांनी तारेचा आणि बांबूंचा खर्च विचारला. मी राहू द्या म्हणालो.

"राहू कसं द्या? तुमच्या पैशाच्या तारेवर माझं सोवळं वाळायचं नाही. हात पुढे करा."

मी ओंजळ धरली. शिवाशिव होऊ नये म्हणून त्यांनी हात उंच धरला आणि वरून एकेक करून टाकले: सहा रुपये पंचवीस पैसे, आजींनी, मला.