ऑक्टोबरातल्या सगळ्या माद्या

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी एकही बदक मेलं नाही, तरी संध्याकाळी मी चर्चमध्ये फादरांकडे पापनिवेदनाला गेलो. माझं असंच आहे. सिग्नल लाल झाला तरी मला आपलीच चूक वाटते.

दोष माझ्या तोंडाचा. ऑफिसात चहा पिताना आमच्या कतारी साहेबांपुढे बोलून गेलो, की मी वसईच्या मिठागरांवर वाढलेला माणूस. तलवार बदकाचा नर आणि मादी लांबूनच ओळखतो. खोटं नव्हतं. नराचं डोकं चॉकलेटी, गळा पांढराशुभ्र, शेपटी तलवारीसारखी. मादी गोणपाटासारखी तपकिरी. पण साहेब निघाले शिकारी, आणि त्यांच्या घरचा नियम असा, की मादीवर गोळी झाडायची नाही.

"तू नर दाखव," ते म्हणाले, "मी नाताळची रजा देतो."

बायकोने त्याच संध्याकाळी वसईला तिच्या आईला फोन करून अर्ध्या गावाला नाताळच्या जेवणाला बोलावलं.

शुक्रवारी सकाळी दोहाबाहेर, उम्म सलालच्या पुढे, शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या तळ्याकाठी आम्ही पालथे पडलो. शुद्ध म्हणजे वास सोडून. अख्ख्या दोहाने जे फ्लश केलं, त्यावर उत्तरेकडचे पाहुणे मजेत पोहत होते. मी दुर्बीण लावली. तपकिरी. सगळी.

"यल्ला, लवकर, नर कुठला?"

"नाही सर. सगळ्या माद्याच."

"ती कोपऱ्यातली?"

"तीही."

साहेबांनी बंदूक खाली ठेवली. "सदीक, दोस्ता, मग यांना पिल्लं होतात कशी?"

रजेचं नाव न काढता त्यांनी मला ओल्ड एअरपोर्ट वस्तीत, आमच्या बिल्डिंगखाली सोडलं. घरी फोनवर शोधलं. पिसं झडली की नरही काही महिने मादीसारखाच मळका दिसतो. थंडी पडता पडता नवा पोशाख चढवतो. मी जन्मभर त्याला नाताळातच पाहिला होता. आम्हा आखातवाल्यांनाही गाव तसंच बघतं: ब्लेझर, अत्तर, चॉकलेटचे डबे. ऑक्टोबरात दोहाला बघायला कोण येतं?

संध्याकाळी फादरांना शिकारीला गेल्याचं सांगितलं. "मेलं कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, फादर."

"मग?"

"मी नरांना माद्या म्हणालो."

जाळीपलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. ते हसत होते. "साहेबांना खरं सांगून टाक," म्हणाले.

रविवारी ऑफिसात सांगितलं. साहेब रागावले नाहीत. "मग ते नटतात कधी?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण आत्मा नुकताच धुऊन आणलेला.

"नाताळच्या सुमारास, सर."

"खलास, ठरलं! नाताळात जाऊ. तू बरोबर हवासच. रजा नंतर, इन्शाल्ला."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकलं. "तुझ्यापेक्षा ती बदकं शहाणी," ती म्हणाली. "नाताळला नटूनथटून वसईला पोचतात तरी." मग नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडे सासूबाई होत्या.