तुळशीशेजारच्या मिरच्या

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, ती बुटकी मिरची आम्ही इथे कुंडीत लावतो, बी पाठव." मी "बघते" म्हणून फोन ठेवून दिला. खरं उत्तर लांबलचक होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. म्हणून आज लिहायला बसले आहे.

ती मिरची माझ्या सासूबाईंची, आसेगावच्या शेतातली. बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून येणारी. शेत विकून आम्ही वाशिमला फ्लॅटमध्ये आलो. तेव्हापासून दरवर्षी एक लाल मिरची वाळवून तिचं बी मी राखत आले. यंदा मात्र होतं नव्हतं ते सगळं एकदम पेरून टाकलं. चिमूटभरही मागे ठेवलं नाही. घरात प्रत्येक डबीवर चिठ्ठी लावणारी मी, आणि हे असं!

गच्चीवर रंगाच्या सहा रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडून त्यांत मिरच्या लावल्या. शेजारी कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, आणि टोकाला आमच्या बिल्डिंगमधली एकुलती एक तुळस, तीही माझीच. मिरच्या फुलावर आल्या आणि कार्तिक लागला.

कार्तिकात रोज सकाळी घरोघरच्या बायका तांब्या घेऊन गच्चीवर येतात. तुळशीला घालून उरलेलं पाणी कुणी परत खाली नेत नाही. ते बाजूच्या बादलीत जातं. नऊ घरं, नऊ तांबे. मातीचा चिखल झाला, पानं पिवळी पडली.

मी पाटी लावली: "मिरच्यांना पाणी घालू नये." ती वाचून खालच्या मजल्यावरची शेजारीण तडक माझ्या दारात.

"काकू, मी तं उरलेलंच टाकून राह्यली. तुळशीले भरपेट पाजाचं आन् बाजूच्यायले उपाशी ठेवाचं काय?"

"अगं, पाण्यानेच मरताहेत त्या!"

"पाण्यानं कोनी मरते काय? तुमी इंग्रजीच्या बाई, पुस्तकात पाहून झाडं लावता."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एकटीने सहाही बादल्या पाण्याच्या टाकीमागे ओढत नेल्या. कंबर अशी धरली की चार दिवस अंथरुणात. पाचव्या दिवशी वर जाते तर बादल्या पुन्हा तुळशीशेजारी, ओळीने, प्रत्येकीला हळदीकुंकू लावलेलं आणि काठोकाठ पाणी.

"तिकडं ऊनच नाई भेटत बिचाऱ्यायले," शेजारीण म्हणाली. "तुमची कंबर दुखते, म्हून आमीच आनल्या."

आता हिच्यावर ओरडायचं तरी कसं? चारही दिवस मला गरम वरणभात हिनेच आणून दिला होता.

पाच झाडं कुजली. पुदिना तेवढा माजला. सहावं झाड मी घरात आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आहे. त्यावर तीन मिरच्या आहेत. दोन हिरव्या आहेत आणि एकीचं टोक लाल होऊ लागलं आहे.