दादाचे पेढे आणि लव्हाळ्याच्या गाठी

आज दादाच्या उरलेल्या एचआयव्हीच्या गोळ्या परत करायला दवाखान्यात गेलो होतो. बाकावर पिशोर गावच्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, "रिपोर्टात विषाणू दिसतच नाय. आता गोळ्या बंद."

दादानंही अशाच रिपोर्टवर पेढे वाटून गोळ्या सोडल्या होत्या.

मी विचारलं, "मावशी, शेतातलं लव्हाळ्याचं तण खुरपलं की संपतं का?"

"नाय बाबा. गाठी मातीत राहत्यात. खुरपणं थांबलं की पुन्हा वर."

"हा विषाणूही पेशींत तसाच लपून राहतो. गोळ्या थांबल्या की उठतो. माझा भाऊ त्यातच गेला."

मावशी उठून गोळ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

दादाचा पहिला पेढा मीच खाल्ला होता. तुम्हाला कुणी असा पेढा दिला, तर जरूर खा. पण गोळी चालू आहे ना, एवढं विचाराल?