डोळे फिरवणे, पान एकशे अठ्ठेचाळीस

जाडजूड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरातली काही पानं असतात. कुठला शब्द कोणत्या पानावर आलाय ते सांगणारी. ती पानं कोण तयार करतं, असा प्रश्न कधी पडलाय? नाहीच पडला. लेखक मिरवतो, चित्रकार मिरवतो, प्रस्तावना लिहिणारा तर दोन पानं खरडून सगळ्यात जास्त मिरवतो. सूची करणाऱ्याला मात्र कुत्रं विचारत नाही.

सूचीमावशी हे काम एकतीस वर्षं करत होत्या, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या प्रकाशन कचेरीत. आधी चिठ्ठ्या लिहून बुटांच्या खोक्यांत अक्षरवार लावायच्या. एकदा कोणीतरी पंखा सुरू केला आणि 'क'पासून 'झ'पर्यंतचं पुस्तक खोलीभर उडालं. मावशींनी तीन दिवस रांगत रांगत ते गोळा केलं, आणि त्या कोणीतरीशी वर्षभर बोलल्या नाहीत. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर आला. मालकांनी घाबरत विचारलं, "मावशी, जमेल ना?"

"न जमायला काय झालं? तो विजेवर चालतो, मी चहावर," मावशी म्हणाल्या, आणि महिन्याभरात त्यांनी ऑपरेटरलाच शिकवायला घेतलं.

कॉम्प्युटरवर सूचीचं काम कसं, तर मजकुरातल्या शब्दाला मागून एक खूण चिकटवायची. खूण महिरपी कंसात बसते, पण लपवलेली असते, छापली जात नाही. अशा हजारभर खुणा लावल्या की एका बटणावर कॉम्प्युटर त्या गोळा करतो, अक्षरवार लावतो आणि समोर पानांचे आकडे घालतो. पुढेमागे मजकूर वाढला तरी आकडे पुन्हा काढता येतात. मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. काम करताना खुणा डोळ्यांसमोर उघड्या ठेवलेल्या असतात, आणि उघड्या खुणा जागा खातात. त्या झाकल्याशिवाय आकडे काढले की सगळी पानं पुढे सरकतात आणि आकडे साफ चुकतात. "आधी झाका, मग मोजा," असं मावशींनी मोठ्या अक्षरांत लिहून ऑपरेटरच्या पडद्याला चिकटवलं होतं.

ऑपरेटर कामसू, पण घाईचा. एकच शब्द जिथे जिथे असेल तिथे एका फटक्यात खूण लावायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. त्याने एकदा 'डोकं' या शब्दाला ती वापरली. 'डोकं शांत ठेवा' हे वाक्य त्या पुस्तकात दर दोन पानांनी होतं. सूचीत डोक्यापुढे साठ आकडे! मावशी म्हणाल्या, "अरे, ज्याचं डोकं दुखतंय तो साठ पानं चाळेल का रे? स्वतःचं वापर की थोडं."

त्यांची रीत वेगळी होती. खूण लावण्याआधी त्या डोळे मिटून बसायच्या आणि हे पुस्तक कोण उघडेल, कधी उघडेल, त्याच्या तोंडात त्या वेळी कोणता शब्द असेल, याचा विचार करायच्या. लेखकाने लिहिलेला शब्द तर त्या घ्यायच्याच, शिवाय शोधणाऱ्याचाही घ्यायच्या. लोकांना तो चोखंदळपणा वाटायचा. त्यामागे एक दात होता.

मुलगा चार वर्षांचा असताना एका दुपारी तापाने फणफणला. अंग ताठ झालं, हातपाय झटकू लागले, बुबुळं वर गेली. घरात मावशी एकट्या. कपाटात बालआरोग्याचं पुस्तक होतं. त्यांनी शेवटची पानं उघडली आणि 'डोळे फिरवणे' शोधलं. नाही. 'झटके' शोधलं. तेही नाही. मग कोणीतरी कधीतरी सांगितलेलं आठवलं, जीभ चावली जाईल, तोंडात काहीतरी घाल. त्यांनी चमचा घातला. पोराचा पुढचा दात अर्धा तुटला. दोन मिनिटांत झटके आपोआप थांबले, पोरगं वाचलं, पण आठवड्याने तेच पुस्तक चाळताना 'ज' खाली 'ज्वरजन्य आकडी' सापडलं. पानावर ठळक लिहिलं होतं, 'कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका.' माहिती घरातच होती हो, हाताच्या अंतरावर! दुधाचा दात पडून नवा आला, तोही वरून टवका उडालेलाच; आतल्या कोंबालाही मार बसला होता. मुलगा हसला की मावशींना तो चमचा आठवायचा.

म्हणून यंदा एका डॉक्टरांचं 'घरातले पहिले उपचार' हे पुस्तक हाती आलं, तेव्हा मावशींनी जिवाचं रान केलं. 'ज्वरजन्य आकडी' होतंच. त्याशिवाय 'झटके', 'फिट', 'अंग ताठ होणे' आणि 'डोळे फिरवणे'.

डॉक्टरांनी कच्ची यादी पाहिली आणि दुपारीच फोन केला. "बाई, 'डोळे फिरवणे' हा आजार मी तरी शिकलो नाही. हे घरगुती शब्द काढून टाका. माझ्या पुस्तकाची शोभा होईल."

"शोभेसाठी कोण उघडणार आहे ते, डॉक्टर?"

"उद्या अकराला येतो. तोवर काढलेले असू द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मालकांनी हात वर केले. "मावशी, लेखक म्हणतील तसं. पटवता आलं तर तुम्हीच पटवा."

मावशींचं डोकं सणकलं होतं. त्या तिरमिरीतच त्यांनी एकही शब्द न काढता आकडे काढले, छापले, आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. शब्द जागच्या जागी बघून त्यांनी भुवया चढवल्या. "बरं, तुमचा तो लाडका शब्द बघू. डोळे फिरवणे, पान एकशे चोपन्न." त्यांनी प्रुफाचा गठ्ठा उलटला. एकशे चोपन्नवर बाळाची नखं कशी कापावीत ते होतं. डॉक्टरांनी दुसरा शब्द पाहिला, तिसरा पाहिला. सगळेच चुकलेले. "एकतीस वर्षं ना तुम्हाला?"

ऑपरेटर पडद्याआड तोंड लपवून बसला. मावशींनी पडद्यावर नजर टाकली. महिरपी कंस उघडेच होते. दुसऱ्यांना शिकवायचं आणि स्वतः शेण खायचं! ऑपरेटरवर ढकलणं सोपं होतं, मालकांनी विश्वासही ठेवला असता.

"चूक माझी आहे," मावशी म्हणाल्या. "काल रागात खुणा न झाकता आकडे काढले. दोन तास द्या. पण शब्दांचं चुकलेलं नाही."

त्यांनी खुणा झाकल्या, आकडे पुन्हा काढले आणि फूटपट्टी धरून बसल्या. एकेक ओळ, एकेक पान. ऑपरेटर आकडा वाचायचा, त्या पान उघडून बोट ठेवायच्या. डॉक्टर आधी घड्याळ बघत होते. मग त्या बोटाकडे बघू लागले. मग न सांगता खुर्ची जवळ ओढून त्यांनी अर्धा गठ्ठा स्वतःपुढे घेतला. चारशे बारा नोंदी झाल्या. एकही आकडा चुकला नाही.

"काम चोख आहे," डॉक्टर म्हणाले. "झटके, फिट राहू द्या. पण डोळे फिरवणे काढा. ते लक्षण झालं, नाव नव्हे."

"बाकीचे हवे तर सगळे काढा, डॉक्टर. तो एक ठेवा." मावशींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्हाला नात आहे ना? मुलीला फोन लावा. बाळाला ताप चढून अंग ताठ झालं, हातपाय झटकू लागलं, तर पुस्तकात काय शोधशील, एवढंच विचारा. ती तुमचा शब्द म्हणाली तर माझा मी माझ्या हाताने काढते."

डॉक्टर हसले. फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मुलगी तिच्या कामावर होती. "अगं, एक सांग," डॉक्टरांनी सुरुवात केली, "बाळाला ताप चढला, अंग ताठ झालं—"

"काय? डोळे फिरवले का तिने? बाबा! आई कुठाय? मी निघाले, मी निघालेच—"

"अगं थांब! बाळ छान आहे. झोपलंय घरी. मी नुसतं विचारत होतो..."

पलीकडे ती रडायला लागली होती. रडता रडताच तिने बापाला असं काही झापलं की मालक उठून खिडकीपाशी गेले. डॉक्टर 'हो गं', 'चुकलं गं' करत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी प्रुफाचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला.

"ठेवा," ते म्हणाले. "पान किती म्हणालात?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"पुन्हा एकदा बघा." मावशींनी पुन्हा पान उघडलं. दोघांनी मिळून बघितलं.

पुस्तक छापून आलं त्या महिन्यात मावशींचा मुलगा घरी आला होता. तिशीचा बाप्या, सोफ्यावर लोळत पुस्तक उलटं धरून शेवटापासून चाळू लागला. सूची करणाऱ्या बाईचंच पोर ते. 'ड' पाशी थांबला. पान उघडलं, वाचलं.

"'तोंडात चमचा, बोट, काहीही घालू नका,'" त्याने मोठ्याने वाचलं आणि तो तुटका दात दाखवत हसला. "आई, हे तेव्हा का नाही गं वाचलंस?"

"शोधलं होतं रे," मावशी म्हणाल्या. "ते तिथे नव्हतं." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या त्या दाताकडे बघून त्याही हसल्या.