द्वारकेला सोडलेला चहा

माझ्या सासूबाईंनी जवळजवळ अख्खा देश पाहिला, आणि जिथे जिथे गेल्या तिथे तिथे खाण्याची एकेक वस्तू सोडून आल्या. त्याचा सगळा ताप मला, कारण स्वयंपाक मी करायचे.

सुरुवात काशीपासून झाली. काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडून यायची, ही आपल्याकडची रीत. आता लोक काय करतात? आमच्या सोसायटीतल्या एक बाई दुधी सोडून आल्या. दुधी बघूनच त्यांना मळमळायचं. आमच्या सासूबाईंना असली चलाखी कुठली जमायला! बाई जन्मल्या रत्नागिरीकडे, आणि सोडून आल्या काय, तर आंबा. मे महिन्यात कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत पेटीचा घमघमाट सुटलेला, आम्ही आमरस ओरपतोय, आणि या समोर बसून ताकभात कालवतायत. उतरेल का हो घास घशाखाली?

बरं, काशीचं एक समजू शकते. पण सासऱ्यांच्या मागे यांना फिरण्याचा नादच लागला. पेन्शन जमली की यात्रा कंपनीच्या बसमध्ये जागा धरायच्या आणि निघायच्या. रामेश्वरला वांगं सोडलं, जगन्नाथपुरीला पोहे. पोहे! नवऱ्याची रबाळ्याच्या कारखान्यात पहिली पाळी, मुलीची शाळा, आणि मी भल्या सकाळी यांच्यासाठी वेगळा उपमा ढवळतेय. बद्रीनाथला तर कमालच केली, साबुदाणा सोडला. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी करणाऱ्या बाईनं साबुदाणा सोडावा?

"अहो आई, आता उपासाला खाणार काय तुम्ही?"

"वरी आहे की."

"आणि वरी कुठल्या देवाला वाहणार आहात, ते आत्ताच सांगा. म्हणजे मी वाशीहून पिशव्या भरून आणणार नाही."

त्या हसल्या. तेव्हा कोपरखैरण्यात धड दुकानं नव्हती, प्रत्येक गोष्टीला वाशी गाठावी लागायची, हे त्यांना माहीत होतं. "सगळ्यांसाठी मागायला जाते मी," म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कशी जाऊ?" माझ्या बोलण्याचा त्यांना राग म्हणून यायचा नाही, आणि त्यामुळे मी आणखीच चिडायचे.

एक गोष्ट मात्र त्या कधी सोडणार नाहीत, याची मला खात्री होती. ती म्हणजे चहा. आलं ठेचून घातलेला, काळाकुट्ट उकळलेला, बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायचा. वेळेवर नाही मिळाला तर डोकं उठायचं त्यांचं. यात्रेच्या पिशवीत देवाच्या पोथीखाली चहापूड असायची.

त्या द्वारकेला गेलेल्या असताना माझ्या मुलीला ताप भरला. साधा ताप म्हणता म्हणता डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. पोरगी डोळे उघडेना. नवऱ्यानं खाली एसटीडी बूथवरून त्यांच्या धर्मशाळेत फोन लावला, आणि त्या मिळेल त्या गाडीनं निघाल्या. वाशीच्या हॉस्पिटलात पोचल्या तोवर मुलगी उठून बसली होती आणि बिस्किट मागत होती. मी थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे केला.

"नको गं. सोडला."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. किती रात्री झोप नव्हती मला! "हिला डॉक्टरांनी बरं केलंय," मी ओरडलेच, "सलाइननं बरं केलंय! तुमच्या चहानं नाही!" अख्खा वॉर्ड बघायला लागला.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण सोडला तो सोडला."

पुढची सगळी वर्षं ही कटकट चालली. डोकं धरून बसायच्या, कपाळाला फडकं करकचून बांधायच्या, पण थेंब नाही. पाहुणे आले की चहा स्वतः करायच्या, आणि तो उकळत असताना पातेल्याजवळून हलायच्या नाहीत. मी सायन्स ग्रॅज्युएट. मला ते बघवायचं नाही. "प्या हो," मी म्हणायचे, "तुमच्या चहाकडे लक्ष ठेवायला देव काय रिकामटेकडा आहे?" चिडून म्हणायचे, समजुतीनं म्हणायचे, कधी कधी तर हातापाया पडायचे. दगडावर पाणी!

मग त्यांचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, फिरणं संपलं, खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायच्या. जेवण दोन घासांवर आलं. "आता मागतील ते द्या," डॉक्टर म्हणाले, आणि त्याचा अर्थ आम्हाला कळला. मी आंब्याची फोड पुढे केली, त्यांनी तोंड फिरवलं.

एका दुपारी त्यांनीच हाक मारली. "अगं, चहा टाकतेस का जरा? आलं घालून."

मी अक्षरशः धावले. इतक्या वर्षांनी माझंच खरं झालं होतं. आलं ठेचलं, दूध घातलं, चहा वर आला. तेवढ्यात खालून माझ्या मुलीचा आवाज आला. कंपाउंडमध्ये खेळताना कुणाशी तरी तावातावानं भांडत होती. आणि गाळणी धरलेला माझा हात थांबला.

मूर्खपणा आहे, मला कळत होतं. कसाबसा चहा गाळला, कपबशी घेऊन खाटेपर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. हात पुढे होईना.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"घाबरलीस?"

मला रडू फुटलं.

"मग मला मेलीला इतकी वर्षं कशाला बोलत होतीस?" त्या चक्क चिडल्या होत्या. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनीच हात लांब करून कप घेतला. मी बघत राहिले. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि मला परत दिला.

"आलं कमी पडलंय," म्हणाल्या. "पी तू. निवेल."

तिथेच उभ्या उभ्या मी तो प्यायले. आलं खरंच कमी पडलं होतं.