पुडीवरची ओळ

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून कुंकवाच्या पुड्यांना लेबलं चिकटवत होतो. मी खळ लावायचो, गिरजा चिकटवायची. "अवं, बोटं पुसा आधी. वरची ओळ झाकली," असं दोनदा म्हणाली. मग भाकरी खाल्ली, झोपलो. पहाटे ती उठलीच नाही. चाळीस वर्षं माझ्या आधी उठणारी बाई.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण माझ्या बायकोच्या त्या ओळीबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात, म्हणून लिहितो.

गिरजा दौलताबादची. हळदीत लिंबू अन् टाकणखार घालून कुंकू करायचं कसब तिनं माहेराहून आणलं आणि इथं घरातच धंदा टाकला. मी सायकलवर माल गुलमंडीच्या बाजारात पोचवायचो. कुंकू कालवायला माझी थोरली वहिनी. भाऊ गेल्यापासून ती आमच्यातच राहते. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल आणि कपाळ कोरं. वीस वर्षं मी ते रोज बघितलं, पण मला कधी खटकलं नाही. गिरजाला खटकलं.

एके दिवशी ती लेबलाचा कागद घेऊन सलीमभाईच्या छापखान्यात गेली. मलाही ओढत नेलं. कागदावर लिहिलं होतं, 'कुंकू सगळ्या बायांचं. नवरा असो, नसो.' सलीमभाईनं चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"भाभी, छाप तो देतूं. लेकिन माल वापस आया तो मेरे कू नक्को बोलो."

"आला तर माझ्या घरी येईल, तुमच्या नाय. मोठ्या अक्षरात छापा."

घरी आल्यावर पहिली भडकली ती वहिनीच. "गिरजे, मला यात घेऊ नको. या वयात मी काय लावायची नाय."

"नका लावू, अक्का. तुमची मर्जी. पण तुम्हाला लावू नका म्हणायची कुणाची टाप नाय पायजे, एवढंच माझं म्हणणं."

माल परत आला. लग्नाच्या सामानाच्या दुकानदारानं पेटी माझ्या सायकलला बांधून दिली. म्हणाला, "काका, नवरीच्या ताटात हे वाचून कोण ठेवील? काकूला म्हणावं, समाजसुधारणा वेगळी, धंदा वेगळा." मी पेटी घेऊन तसाच निघालो आणि सगळा राग घरी काढला.

"लोक काय म्हणतेत माहीत हाय का? गिऱ्हाईक वाढवायला विधवांच्या मागं लागलीस म्हणून."

ती चाळण हलवत होती. हात थांबला नाही. "वाढलं तर वाढू द्या की. चांगलं बोललं म्हणून तोट्यातच जावं असा काय कायदा हाय का?"

नवीन गिऱ्हाईक आलं, पण थोडं. पिशोरहून एक बाई आली होती. पाच पुड्या घेतल्या, आमच्यासमोरच लेबलं नखानं खरवडून काढली आणि पुड्या पिशवीत टाकल्या. मला लई राग आला. गिरजा म्हणाली, "कागद घरी दाखवायची सोय नसल तिची. कुंकू तर नेलं ना."

पुढं एका मोठ्या कंपनीनं चौकात फलक लावला. टिकलीची जाहिरात. पांढऱ्या केसांची विधवा बाई, कपाळाला टिकली, खाली रीत बदलायचं काहीतरी. मी म्हणालो, बघ, तुझी नक्कल. दहा-बारा माणसांनी ओरडा केला आणि फलक उतरला. त्या जागी पंख्याची जाहिरात आली. गिरजा त्या चौकात उभी राहून हसली. "उतरवणारच. फलकाच्या घरात कुठं थोरली जाऊ असते?"

आमचं लेबल मात्र तेच राहिलं. लग्नाचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. फायदा झाला का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणायचो, नाही झाला. तिच्या तोंडावर म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्ही निस्ती पेटी मोजता." मला ते तेव्हा लागायचं. आता वाटतं, बाजारात ती एकटी भांडली आणि मी तिच्या घरात राहून दुकानदाराच्या बाजूनं होतो.

ती उठली नाही त्या सकाळी गल्लीतल्या बाया जमल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आलं, बांगड्या आल्या. आधी नवऱ्यानं कुंकू लावायचं, मग सवाष्णींनी. माझ्या चुलतीनं वहिनीला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. "अक्का, तुम्ही इथं बसा." माझ्या हातात वाटी दिली.

मी म्हणालो, "वहिनीला बाहेर आणा."

"अरे, रीत असती."

"रीत मला माहीत हाय. आणा."

वहिनी दारात येऊन थांबली. डोळे सुजलेले. "भावजी, नको. लोक बघतेत."

"बघू द्या. लावायचं नसल तर नका लावू. पण आत बसा असं कुणी म्हणायचं नाय."

चुलती पुटपुटली, दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या. मी वाटी धरून उभा राहिलो. खांदेकरी घाई करत होते तरी उभा राहिलो. शेवटी वहिनी आली, माझ्या हातातल्या वाटीत बोट बुडवलं आणि खाली वाकून गिरजाच्या कपाळाला लावलं.

तिच्यानंतर मी लावलं.