हळदीपाशी थांबणारं गाणं

"भाऊजी, हे गेले..." सुनंदावहिनी फोनवर एवढंच बोलल्या. दत्ता दुपारी जेवून जरा पडला होता, तो उठलाच नाही. मी मखमलाबादला पोचलो तेव्हा मळ्यात तोडणीला आलेला झेंडू तसाच उभा होता. महिना उलटून गेला, तरी काही आवडलं की अजून मनात येतं, दत्ताला सांगायला हवं.

आमची मैत्री कॉलेजातली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. हा फुलमळेवाल्याचा एकुलता एक मुलगा, पण बोटांत भलतंच वेड. देवळाली कॅम्पात एका जुन्या सामानाच्या दुकानात त्याला एक व्हिडिओ कॅसेट मिळाली. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या ब्लूज गिटारवाल्याची, भरल्या सभागृहात चित्रित केलेली मैफल. घामानं निथळणारा तो काळा माणूस डोळे मिटून तार अशी ताणायचा की मला आपलं कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. दत्ता त्या कॅसेटवरूनच शिकला. त्याचा नियम मोठा विचित्र होता. जेवढं बोटात बसेल तेवढंच पुढं ऐकायचं, नाहीतर कॅसेट तिथंच थांबवायची. मी वैतागून म्हणायचो, "अरे, एकदा शेवट तर ऐक!" तो म्हणायचा, "उसाच्या शेंड्यापासून कुणी खातं का?" त्याच्या वडिलांना, आण्णांना, ही सगळी थेरं वाटायची. "गिटार वाजवून झेंडू फुलतो का रे? लय झालं, पाणी धर जा," असं दारातूनच ओरडायचे.

शेवटचं गाणं निम्मं बसलं आणि बहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या ऐन रंगात व्हिडिओवाल्याची कॅसेट संपली. दत्ता बाजारात गेलेला. आत्यानं फडताळातून त्याची कॅसेट काढून दिली. "ही घ्या, हिच्यावर कुणाचंच नाव नाय, रिकामीच दिसते." दत्तानं जिथं थांबवली होती, तिथूनच पुढं हळद भरली गेली. तेव्हापासून म्हातारा डोळे मिटून तार ताणायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या आणि एकदम बायकांचं हळदीचं गाणं सुरू व्हायचं. मग कुणीतरी आण्णांना ओढून मध्ये आणायचं. आयुष्यभर कपाळाला आठ्या घातलेला तो माणूस दोन गिरक्या घ्यायचा, लाजायचा आणि कॅमेऱ्यावर हळदीचा हात ठेवायचा. दत्तानं आठवडाभर गिटारला हात लावला नाही. न ऐकलेला शेवट कायमचा गेला होता.

त्याच वर्षी आण्णा गेले. हलणारे, हसणारे आण्णा जगात तेवढ्याच एका ठिकाणी उरले.

पुढं दत्तानं मळा सांभाळला. संध्याकाळी ओसरीवर गिटार घेऊन बसायचा. ते गाणं त्या जागेपर्यंत वाजवायचा, क्षणभर थांबायचा आणि बायकांच्या हळदीच्या चालीत शिरायचा. मला आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं. काही वर्षांनी मुंबईत मला त्या मैफलीची डीव्हीडी मिळाली. मी फुशारकीनं नेऊन दिली. दत्तानं ती उलटसुलट करून पाहिली, वरचा कागदही न फाडता माझ्या हातात परत ठेवली.

"त्या जागी आता आण्णा येतात रे... तिथं दुसरं काही नको."

तेराव्याला वहिनींनी कॅसेट दाखवली. इतकी घासली गेली होती की आण्णांच्या गिरक्यांवर नुसत्या रेघा उरल्या होत्या. "शेवटी शेवटी काही दिसायचं नाय," वहिनी म्हणाल्या, "पण हे बघत बसायचे."

परवा मी त्या डीव्हीडीवरचा कागद फाडला आणि ती लावली. गाणं त्या जागेपाशी आलं, म्हाताऱ्यानं तार ताणली आणि गाणं सरळ पुढं गेलं. ज्या शेवटासाठी दत्ता झुरला तो मी ऐकला. सुंदरच असणार, सभागृह उठून उभं राहिलं होतं. पण खरं सांगतो, मला तो चुकलेला वाटला. टाळ्या संपल्या, पडदा काळा झाला, तरी मी बसून होतो... आण्णा आले नाहीत. दत्ताही नाही.